सायकलला इंजिन लावलं, पण घाट चढेना? दोन गिअरचा बेल्ट ड्राइव्ह असा बनतो

रील्स चाळताना तुम्हीही हे पाहिलं असेल. जुनी काळी सायकल, तिच्या नळीवर बसवलेलं गवत कापायच्या मशीनचं इंजिन, दोरी ओढली की फटफट सुरू, आणि पोरगा सपाट डांबरी रस्त्यावरून सुसाट निघतो. खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, "घाट चढते का?" या प्रश्नाला सहसा उत्तर येत नाही, कारण बहुतेक वेळा सायकल घाट चढत नाही.

मग सल्ले सुरू होतात. मोठं इंजिन लाव, लुनाचं इंजिन लाव, पाण्याच्या पंपाचं लाव. खरं तर बऱ्याचदा इंजिन मोठं करायची गरज नसते, गिअर दोन करायची असते. आणि दोन गिअर करायला गिअरबॉक्सच लागतो असंही नाही. दोन जोड्या पुली आणि व्ही-बेल्ट यांच्यावर हे काम होतं. मोटारसायकलच्या सुरुवातीच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत हेच चालायचं. फक्त त्यात एक मेख आहे, आणि ती पुलीच्या मापात नाही. गिअर बदलला की बेल्ट कुठेतरी सैल पडतो. तो सैलपणा जिरवायचा कुठे, या एकाच प्रश्नाभोवती हा सगळा विषय फिरतो.

आधी कायद्याची रेघ

हा मुद्दा शेवटी लिहायची पद्धत आहे, पण इंजिन कोणतं घ्यायचं हे त्यावरच ठरतं, म्हणून आधी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. चारपेक्षा कमी चाकं असलेली आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन बसवलेली गाडी या व्याख्येतून वगळलेली आहे. २५ सीसीच्या वर गेलात की तुमची सायकल कायद्याच्या नजरेत मोटार वाहन झाली. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. आणि घरी बनवलेल्या अशा गाडीची आरटीओत नोंदणी होणं जवळपास अशक्य, कारण त्यासाठी गाडीच्या नमुन्याला अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी लागते. ऑनलाइन मिळणारी '८० सीसी' नावाची टू-स्ट्रोक किटं, लुनाचं ५० सीसी इंजिन, ३५ सीसीचा ग्रासकटर, हे सगळं या रेघेच्या पलीकडे जातं. (त्या '८० सीसी' किटचा सिलिंडर ४७ मिमी आणि स्ट्रोक ३८ मिमी असतो. गुणाकार केला तर ६६ सीसी भरतात. पण ते असो.)

२५ सीसीच्या आत राहिलात म्हणजे रस्त्यावर काहीही चालतं असं मात्र नाही. हयगयीने गाडी चालवून कुणाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सायकलवाल्यालाही लागू होतं.

तर आपल्या हातात उरलं २५ सीसी. होंडाचं जीएक्स-२५ हे या मापाचं माहितीतलं फोर-स्ट्रोक इंजिन. वजन जेमतेम तीन किलो. ताकद ७००० आरपीएमला ०.७२ किलोवॅट, म्हणजे एक हॉर्सपॉवरला थोडी कमी. टॉर्क ५००० आरपीएमला १ न्यूटन-मीटर. वाचायला फारच किरकोळ वाटतं. म्हणूनच इथे दोन गिअरची गंमत आहे. मोठ्या इंजिनाला एक गिअर खपून जातो, लहान इंजिनाला खपत नाही.

एका गिअरचं गणित कुठे फसतं

आपली २८ इंची काळी सायकल धरू. तिचं चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. सपाटीला ताशी २५ किमी वेग हवा असेल तर चाक मिनिटाला १९० फेऱ्या फिरायला हवं. इंजिन तेव्हा ६४००-६५०० वर असेल, तर एकूण रिडक्शन झालं सुमारे ३४. म्हणजे इंजिनाच्या ३४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी.

आता याच गिअरमध्ये चढाला लागू. चालवणारा ७० किलो, सायकल २० किलो, इंजिन आणि बाकीचं लोखंड १० किलो. एकूण १०० किलो. बेल्ट आणि चेनमध्ये वीसेक टक्के ताकद वाया जाते असं धरलं, तर इंजिनाचा १ न्यूटन-मीटर टॉर्क ३४ पट होऊन चाकाखाली साधारण ७.८ किलोचा जोर देतो. भारतीय रोड काँग्रेसच्या निकषात डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के धरतात, आणि अगदी नाइलाज असेल तिथे ७ ते ८ टक्के. ६ टक्के चढावर १०० किलो वर ओढायला ६ किलोचा जोर लागतो. टायरच्या घर्षणाला १ किलो, वाऱ्याला १ किलो. बेरीज ८. आपल्याकडे ७.८.

सगळा खेळ या दोनशे ग्रॅमचा आहे. इंजिन थोडं मंदावतं, ग्रासकटरचा सेंट्रिफ्यूगल क्लच ४००० च्या आसपास सुटायला लागतो, घसरतो, तापतो, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर करपट वास येतो. इंजिन वाईट नव्हतं, गिअर चुकीचा होता.

त्याच इंजिनाला ५४ चा गिअर दिला तर जोर होतो १२.६ किलो. वेग ताशी १२ किमीवर येतो, पण ११ टक्क्यांपर्यंतचा चढ निघतो. घाटात ताशी १२ म्हणजे पायी ढकलण्यापेक्षा तिप्पट वेग, बसल्या जागी. पण हाच ५४ चा गिअर सपाटीला लावून ठेवला तर इंजिन बोंबलत राहील आणि सायकल १६ च्या पुढे जाणार नाही. म्हणून दोन्ही हवेत: ३४ आणि ५४.

चढाच्या पायथ्याशी थांबणारी मंडळी

हे दुखणं नवीन नाही. १९०० ते १९१० च्या दरम्यानच्या बऱ्याच मोटारसायकली म्हणजे खरं तर इंजिन लावलेल्या सायकलीच होत्या. इंजिनाच्या शाफ्टवर एक छोटी पुली, मागच्या चाकावर मोठी, मध्ये एक बेल्ट. कित्येकींना क्लच नाही, गिअर नाही. ढकलत पळायचं आणि उडी मारून बसायचं. चढ आला की पॅडल मारायचं. चढ फारच मोठा असेल तर पायथ्याशी उतरायचं, इंजिनाची पुली दोन भागांची असायची तिचे भाग एकमेकांपासून लांब करायचे, म्हणजे बेल्ट खोल बसतो आणि पुली 'लहान' होते. आता बेल्ट सैल झाला, म्हणून त्याचा एक तुकडा काढून तो आखूड करायचा. घाटमाथ्यावर पोचलं की हे सगळं उलट.

लंडनच्या झेनिथ कंपनीच्या फ्रेडी बार्न्सने १९०८ च्या सुमारास यावर उपाय काढला. नाव 'ग्रॅज्युआ'. टाकीवर एक फिरवायची मूठ. ती फिरवली की इंजिनाची पुली उघडायची किंवा मिटायची, आणि त्याच वेळी मागचं अख्खं चाक थोडं पुढे-मागे सरकायचं. पुली लहान झाली की चाक मागे, बेल्ट तेवढाच ताठ. चालत्या गाडीत चाक सरकवायची ही कल्पना आज ऐकून छातीत धस्स होतं, पण ती चालली. इतकी चालली की चढाच्या शर्यतींमध्ये इतरांना संधीच उरेना, आणि काही क्लबांनी झेनिथला त्यांच्या स्पर्धांमध्ये बंदी घातली. कंपनी हुशार. त्यांनी जाहिरातीत गजाआडची मोटारसायकल दाखवून वर 'बंदी घातलेली' असं मिरवलं.

रज कंपनीने १९११ साली दुसरा मार्ग काढला. 'रज मल्टी'मध्ये चाक सरकत नाही. इंजिनाची पुली जेवढी लहान होते, तेवढी मागची पुली मोठी होते, दोन्ही एकाच लिव्हरला जोडलेल्या. बेल्टची लांबी तीच पुरते. १९१४ च्या आइल ऑफ मॅन सीनियर टीटी शर्यतीत सिरिल पुलिन याच गाडीवर जिंकला.

पण बेल्टचा शेवट त्याआधीच दिसायला लागला होता. १९११ साली ती शर्यत पहिल्यांदा डोंगरातल्या मार्गावर झाली, आणि सीनियर गटात पहिले तिन्ही नंबर अमेरिकेच्या इंडियन गाड्यांनी नेले. त्यांना चेन होती आणि दोन गिअरचा गिअरबॉक्स. पावसात बेल्ट घसरतो, चेन घसरत नाही. मोटारसायकलींच्या जगातून साधा बेल्ट हळूहळू बाहेर गेला तो या कारणाने. सायकलच्या किटमध्ये मात्र तो टिकला. अमेरिकेतलं 'व्हिझर' हे १९३९ साली आलेलं किट सुरुवातीला टायरवर रोलर घासून चालायचं, पुढे तेही बेल्टवर आलं. आणि आपल्याकडे १९८४ साली कायनेटिक होंडाने जी बिनगिअरची स्कूटर आणली, तिच्या पोटातही उघडमिट होणाऱ्या पुली आणि बेल्टच होता. आजच्या अ‍ॅक्टिव्हातही तोच प्रकार आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग स्कूटरचाच व्हेरिएटर सायकलला का नको? कारण तो सात-आठ हॉर्सपॉवरसाठी बनलेला असतो. जाड बेल्ट वाकवायला आणि मागच्या पुलीची जबर स्प्रिंग दाबायलाच पाऊण-एक हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा मोठा हिस्सा जाईल. लहान इंजिनाला दोन ठरावीक गिअरच परवडतात.

आकडे असे बसवा

पहिला नियम: बेल्ट इंजिनाच्या जवळ ठेवा, चाकाच्या जवळ नको. ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. बेल्ट जितका वेगात पळेल तितकी त्याच्यावरची ओढ कमी. ६३ मिमीच्या पुलीवर ६५०० आरपीएमला बेल्ट सेकंदाला २१ मीटर पळतो आणि त्याच्यावर साडेतीन किलोसुद्धा ओढ येत नाही. हाच बेल्ट रिडक्शननंतर, समजा १५०० आरपीएमच्या शाफ्टवर लावला, तर तीच ताकद न्यायला चौपट ओढ लागेल आणि तो घसरेल. बऱ्याच रील्समध्ये बेल्ट थेट मागच्या चाकाला दिसतो. त्यात बेल्टचा दोष नाही, जागेचा आहे.

दुसरा नियम: लहान पुली फार लहान करू नका. बेल्ट फार घट्ट वाकला की आतून तडकतो. नेहमीच्या 'ए' सेक्शन बेल्टला, जो गिरणीत आणि पंपावर दिसतो, लहान पुली किमान ७५ मिमी लागते. 'झेड' सेक्शनला ५० मिमी चालते, पण तो बेल्ट या ताकदीला तोकडा पडतो. मधला मार्ग 'एसपीझेड': १० मिमी रुंद, ८ मिमी खोल, किमान पुली ६३ मिमी. आपल्याला तोच घ्यायचाय.

लो गिअर: ६३ मिमीवरून १९० मिमीवर, म्हणजे ३.०२ पट. हाय गिअर त्याच्या १.६ पट वेगवान हवा, म्हणजे १.८७ च्या आसपास. उरलेलं १८ पट रिडक्शन दोन चेनमध्ये: पहिली ११ दातांवरून ४५ वर, दुसरी १० वरून चाकावरच्या ४४ वर. एकूण लो ५४.३, हाय ३३.६.

आता हाय गिअरच्या पुली किती मिमीच्या? इथे ती मेख येते. एकच बेल्ट दोन्ही जोड्यांवर बसायला हवा असेल तर सोपा नियम सांगतात की दोन्ही जोड्यांच्या व्यासांची बेरीज सारखी ठेवा. ६३ अधिक १९० म्हणजे २५३, म्हणून ८८ आणि १६५. रज मल्टीचंच तत्त्व. पण शाफ्टमधलं अंतर ३०० मिमी धरून बेल्टची लांबी मोजली तर लो जोडीला लागतात १०१०.८ मिमी आणि हाय जोडीला १००२.३. साडेआठ मिलिमीटरचा फरक. कारण दोन पुलींच्या व्यासात फरक जितका जास्त, तितका बेल्ट तिरका जातो आणि थोडा जास्त लागतो. साडेआठ मिमी सैल व्ही-बेल्ट म्हणजे घसरणारा बेल्ट.

लांबीचं सूत्र शब्दांत असं: शाफ्टमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट, अधिक व्यासांच्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट. हे हाताशी ठेवलं की दुरुस्ती सोपी आहे. हाय जोडी थोडी फुगवून ९० आणि १६८ घ्या. लांबी येते १०१०.३. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, आणि गुणोत्तर १.८७ च. हे सगळे व्यास बेल्ट जिथे प्रत्यक्ष काम करतो तिथले आहेत, पुलीच्या बाहेरच्या कडेचे नव्हेत. टर्नरला हे स्पष्ट सांगा.

आणि १.६ च का, २ का नाही? लोमध्ये ६५०० पर्यंत ताणून हायमध्ये टाकलं की इंजिन ६५०० भागिले १.६, म्हणजे ४००० च्या जरा वर येतं. क्लच तिथे जेमतेम धरून राहतो. दोन गिअरमधलं अंतर २ पट ठेवलं तर इंजिन ३२५० वर पडेल, क्लच सुटेल आणि हाय गिअर लागणारच नाही. दोन गिअरमध्ये किती अंतर ठेवायचं हे क्लच ठरवतो.

गिअर बदलायचा कसा

सगळ्यात साधी पद्धत ड्रिल मशीनची. इंजिनाकडे ६३ आणि ९० ची दोन खाचांची पुली, समोर १९० आणि १६८ ची. घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, इंजिन बंद करायचं, टेन्शनचा बोल्ट ढिला करायचा, बेल्ट एका खाचेतून दुसरीत सरकवायचा. मिनिटभराचं काम. वर हसू आलं असेल तर हरकत नाही, ११० वर्षांपूर्वीचे लोक याहून जास्त खटपट करत होते. पहिल्यांदा बनवताना मी हीच पद्धत सुचवेन. निदान दोन्ही गुणोत्तरं तुमच्या रस्त्याला जमतात की नाही हे फार खर्च न करता कळतं, आणि पुढे त्याच शाफ्टवर बाकीचं उभं करता येतं.

दुसरी पद्धत दोन बेल्टची, आणि रोजच्या वापराला हीच बरी. दोन्ही जोड्यांवर दोन बेल्ट कायम चढवलेले, पण दोन्ही मुद्दाम वीस-पंचवीस मिमी लांब घेतलेले, त्यामुळे सैल. ज्या बेल्टवर आयडलर पुली दाबाल तो ताठ होतो आणि ओढायला लागतो, दुसरा नुसता लोंबतो. इथे लांबी जुळवायची कटकटच नाही, सैलपणा जिरवायचं काम आयडलर करतो. पॉवर टिलर आणि गवत कापायच्या मोठ्या मशीनमध्ये बेल्टचा असा क्लच सर्रास असतो.

यात चार गोष्टी नीट झाल्या तर यंत्र चालतं, नाहीतर बेल्ट जाळतं. आयडलर बेल्टच्या सैल बाजूला हवा, ओढणाऱ्या बाजूला नव्हे. इंजिनाची पुली जी बाजू स्वतःकडे खेचते ती ओढणारी. तिच्यावर आयडलर लावला तर प्रत्येक धक्क्याला तो मागे ढकलला जातो. आयडलर बाहेरून दाबावा, म्हणजे बेल्ट लहान पुलीला जास्त कवटाळतो, पण मग तो बेल्टला उलटं वाकवतो, म्हणून तो चांगला मोठा घ्या, लहान पुलीच्या दीडपट. दोन्ही आयडलर तराजूच्या दांडीसारख्या एकाच दांडीच्या दोन टोकांना बसवा. एक खाली गेला की दुसरा आपोआप उचलला जातो, मध्ये न्यूट्रल. दोन वेगळे लिव्हर ठेवले तर एक दिवस दोन्ही एकदम दाबले जाणार, आणि दोन वेगवेगळ्या गतीने फिरू पाहणारे बेल्ट एकाच शाफ्टवर भांडणार. आणि दाब हाताच्या जोराने नको, लिव्हर आणि दांडीच्या मध्ये स्प्रिंग टाका. बेल्ट ताणला गेला तरी दाब तेवढाच राहतो.

सैल बेल्ट मोकळा राहावा म्हणून पुलीच्या भोवती, बेल्टच्या बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिमी अंतर ठेवून लोखंडी पिना लावतात. आयडलर उचलला की बेल्ट या पिनांना टेकून पुलीच्या खाचेतून वर उठतो. पिना नसतील तर सैल बेल्टही खाचेत अर्धवट घासत राहतो आणि आठवड्यात काचेसारखा गुळगुळीत होतो.

तिसरी पद्धत आपोआप गिअर बदलण्याची. लोची मोठी पुली शाफ्टवर सायकलच्या फ्रीव्हीलमधून बसवायची. हायची मोठी पुली बेअरिंगवर मोकळी, आणि तिच्या व शाफ्टच्या मध्ये दुसरा सेंट्रिफ्यूगल क्लच. सुरुवातीला लो ओढतो. वेग वाढला की दुसरा क्लच पकडतो, शाफ्ट लोच्या पुलीपेक्षा जोरात फिरायला लागतो आणि फ्रीव्हील नुसतं टकटक करतं. दोन्ही बेल्ट कायम ताठ, सैलपणाचा प्रश्नच नाही. युरोपातल्या पुख आणि टोमोस मोपेडच्या दोन गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये, बेल्टऐवजी दात्यांच्या चाकांनी, असाच खेळ होता.

वाचायला सुंदर, करायला अवघड. दुसऱ्या क्लचचे शू पुढच्या शाफ्टवरच बसवायला लागतात, इंजिनाच्या बाजूला नाही. इंजिनाच्या बाजूला असले तर हाय लागताच इंजिनाच्या फेऱ्या ६५०० वरून ४००० वर पडतात, क्लच सुटतो, लो लागतो, फेऱ्या वाढतात, परत हाय लागतो, आणि सायकल उचकी लागल्यासारखी चालते. पुढच्या शाफ्टचा वेग गिअर बदलला तरी बदलत नाही, म्हणून क्लच तिथे हवा. पण तिथे फेऱ्या फक्त २१५० असतात. ४००० ला पकडणाऱ्या ग्रासकटरच्या क्लचमध्ये २१५० ला जोर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी येतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. तो तिथे कधीच पकडणार नाही. जड शू असलेला मोपेडचा क्लच शोधायला लागतो आणि स्प्रिंग बदलत बसायला लागतं. वेळ आणि पैसे असतील तर जरूर करा.

टर्नरकडे जाताना

व्ही-बेल्ट तळाशी टेकून काम करत नाही, बाजूंनी पाचरीसारखा अडकून काम करतो. या पाचरीमुळे सपाट पट्ट्याच्या तिप्पट पकड मिळते. म्हणून खाचेचा कोन महत्त्वाचा. वाकताना बेल्ट आतून फुगतो, त्यामुळे लहान पुलीला ३४ अंशांची खाच लागते आणि ८० मिमीच्या वरच्या पुलीला ३८ अंशांची. सगळ्या खाचा एकाच टूलने ४० अंशांच्या मारल्या की ६३ च्या पुलीवर बेल्ट घसरणारच, मग कितीही ताणा. त्यापेक्षा फेनरसारख्या कंपनीच्या तयार पुली मिळाल्या तर त्याच घ्या, फक्त बोअर वाढवून चावी बसवून घ्या. नुसत्या ग्रब स्क्रूवर भरवसा ठेवू नका, शाफ्टवर चावीचा घाट कापून घ्या.

दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे मोठ्या पुलीच्या तोंडावर दोरा ताणून बघा. दोरा चारही ठिकाणी टेकायला हवा. जॅकशाफ्टला दोन्ही टोकांना बेअरिंग हवं, एका बाजूने लोंबणारा शाफ्ट बेल्टच्या ताणाने वाकतो. इंजिनाची फिरायची दिशाही आधी पाहा. बेल्ट आणि चेन दिशा बदलत नाहीत, त्यामुळे इंजिन उलट्या तोंडाने बसलं तर सायकल मागे जायला बघेल.

चाकाला चेन जोडताना ४४ दातांचं चक्र रबराच्या चकत्यांमध्ये धरून थेट स्पोकवर आवळतात. किटवाले असंच देतात. चालतं, पण स्पोक तुटण्याची सुरुवातही तिथूनच होते. डिस्क ब्रेकची सोय असलेला हब मिळाला तर चक्र हबवर बोल्टने बसवा. शेवटच्या टप्प्यात एक फ्रीव्हील असू द्या, म्हणजे पेट्रोल संपल्यावर पॅडल मारताना सगळं यंत्र ओढत न्यावं लागणार नाही.

आणि गार्ड. सेकंदाला २० ते ३० मीटर वेगाने पळणारा बेल्ट तुमच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर आहे. पॅन्टची मोरी, ओढणी, मफलर, बुटाची लेस, काहीही चालेल त्याला. पत्र्याचं पूर्ण झाकण केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, स्टँडवरसुद्धा नाही. बेल्ट नीट बसला का हे चालू इंजिनात बोटाने चाचपून बघायची सवय तर मुळीच नको. पावसाळ्यात हेच झाकण बेल्टला पाण्यापासून वाचवतं.

ब्रेक

सायकल नेहमी ताशी १५ ने जाते. २५ ने गेली की थांबवायची ऊर्जा पावणेतीन पट होते, ४० ने गेली की सात पट. काळ्या सायकलचे दांड्यांचे ब्रेक क्रोमच्या रिमवर, त्यातही ओल्या रिमवर, १५ लाच विनवणी करायला लावतात. घाट चढलेली सायकल उतरतेही, आणि फ्रीव्हील असलेल्या ड्राइव्हमध्ये उतारावर इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. पुढे तरी डिस्क किंवा ड्रम ब्रेक बसवा. बजेट कमी पडत असेल तर दुसरा गिअर पुढच्या महिन्यात करा, ब्रेक या महिन्यात.

पहिली फेरी

बेल्टचा ताण असा बघतात: दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबलं तर ३०० मिमी अंतरात बेल्ट साधारण ५ मिमी दबला पाहिजे. दोन बेल्टच्या पद्धतीत हे आयडलर दाबलेला असताना, इंजिन बंद ठेवून मोजायचं. जास्त ताण दिला तर बेअरिंग जातं, कमी दिला तर सुरुवातीलाच चीं असा आवाज येतो.

पहिली दहा मिनिटं सपाट, रिकाम्या जागेत, लो गिअरमध्ये आणि अर्ध्या थ्रॉटलवर. मग थांबून, इंजिन बंद करून लहान पुलीला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेल्ट घसरतोय: ताण, रेषा आणि खाचेचा कोन, या क्रमाने शोधा. नवा बेल्ट पहिल्या अर्ध्या तासात थोडा लांबतो आणि खाचेत खोल बसतो, म्हणून तेवढ्या वेळाने ताण पुन्हा एकदा जुळवावा लागतो. घाटाला त्यानंतरच लावा.